मानाच्या जागेखालची फळी

मी, बुरुल सार्तबाय-कीझी, मुकाश यांची विधवा, वय वर्षे अडुसष्ट, राहणार बिश्केक, टॉवर क्रेनची निवृत्त चालक, आज हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, आणि तसा डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. फुप्फुसांचा दाखला मी मागितला नाही आणि डॉक्टरानेही आपणहून दिला नाही; नुसता चष्मा पुसत बसला. मला कोणी धाक घातलेला नाही, की कोणी गोड बोलून काही लिहवून घेतलेले नाही. गोड बोलणारे एक जण मागच्या आठवड्यात येऊन गेले, त्यांच्याबद्दल पुढे लिहिलेच आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. नोटरीबाईंचे म्हणणे असे की कोणाला काय द्यायचे तेवढेच लिहा, का ते लिहू नका. पण 'का' लिहायचे नसते तर मी लेखणी उचललीच नसती.

कलम १. माझे राहते घर, अंगण, जर्दाळूची झाडे आणि तळघर हे सर्व माझी एकुलती एक मुलगी बेर्मेत हिला द्यावे. आमच्यात घर धाकट्या मुलाचे, आणि मुलगा नसेल तर पुतण्याचे, असे धरून चालणारे लोक आहेत. असाच एक पुतण्या गेल्या उन्हाळ्यात आमचे अंगण पावलांनी मोजत होता. मी खिडकीतून विचारले, "काय रे, काही हरवलं का?" तर म्हणतो, "नाही काकू, सहज." सहज कोणी परक्याचे अंगण मोजत नाही. त्याने मोजलेले सगळे माप बेर्मेतचे आहे.

तळघराच्या तोंडावर बिजागरीचे जाड झाकण आहे, वर कडी आहे, भोवती गुडघाभर उंचीची चौकट आहे. ते सगळे मुकाशने बसवले. ते काढून तिथे सुटी फळी टाकायची असे कोणी सुचवले तर बेर्मेतने त्याला चहाही न देता वाटेला लावावे.

कलम २. मुकाशची सुतारकामाची हत्यारे, म्हणजे करवती, रंधे, ओळंबा आणि खिळे उपटायचा पंजाचा हातोडा, ही गुलझात हिला द्यावीत. गुलझात म्हणजे माझ्यानंतर माझ्या क्रेनवर बसलेली मुलगी. ती सुतार नाही, हे मला माहीत आहे. पण हा हातोडा सुतारकामासाठी फारसा वापरलेलाच नाही.

माझा नवरा सेंट्रिंगचा सुतार होता. स्लॅब ओतून झाला, फळ्या सुटल्या की बाकीचे त्या जिथल्या तिथे टाकून घरी जात. हा मात्र संध्याकाळी एकेक फळी उलटीपालटी करून खिळे काढी, फळ्यांची रास रचून ठेवी आणि मगच हात धुई. खिळा वर तोंड करून पडलेला दिसला तर ह्या माणसाला जेवण गोड लागत नसे. पोरे चिडवायची, "मुकाशदादा, वहिनींना वरून सगळं दिसतं म्हणून एवढे झाडता होय?" त्यावर तो म्हणे, "तिच्यासाठी नाही रे बाबा. उद्या सकाळी अर्धवट झोपेत तूच इथून चालणार आहेस." तो हसत नसे, म्हणून पोरेही पुढे हसायची थांबत.

कलम ३. माझे हेल्मेट, शिट्टी आणि लोकरी हातमोजे हेही गुलझातलाच द्यावेत. आणि तिच्यासाठी चार शब्द, कारण तिला शिकवायला मी फार दिवस नव्हते.

पोरी, वरून बांधकाम पाहिले की मुकादमाचे डोके उघडे दिसते. जागा विस्कटलेली असेल तर डोकेही विस्कटलेलेच असते. सळ्यांचा ट्रक आला आणि 'आता ह्या कुठे उतरवू' असे खालून विचारू लागले, तर समज की त्या सळ्या वाटेत पडणार, दुपारी कोणी तरी त्यांत पाय अडकवणार आणि संध्याकाळी ते नशिबावर ढकलले जाणार. कोणता माल कुठे उतरायचा, हे आदल्या संध्याकाळीच ठरलेले हवे. ठरले नसेल तर हूक खाली सोडू नकोस. ओरडू देत. मला 'वर बसलेली सासू' म्हणायचे, तुलाही म्हणतील. वर चढण्याआधी रोज खाली एक फेरी मारायची. वाट मोकळी आहे का, उभ्या सळ्यांच्या टोकांवर टोप्या आहेत का, भोकांभोवती कठडा आहे का, हे पाहायचे. भोकावर नुसती फळी टाकलेली दिसली तर ते भोक उघडे आहे असेच समजायचे. उघडे भोक तरी दिसते.

झाडलेली जागा आणि सजवलेली जागा यांतला फरक ओळखायला शीक. कामासाठी झाडतात ते माणसे वाचवायला. पाहुण्यांसाठी झाडतात ते सगळे कुठे तरी ढकलायला.

कलम ४. सासूबाईंनी केलेला लाल-काळ्या नक्षीचा शिर्दाक, म्हणजे लोकरी बुरणुसाचा मोठा गालिचा, बेर्मेतला द्यावा. तो जमिनीवर कधीही अंथरू नये. भिंतीवर टांगावा, तोही पक्की भिंत पाहून. बेर्मेत, हा गालिचा आपल्या घरात गुंडाळून का पडलेला असतो, हे तू अनेकदा विचारलेस. आता सांगते.

तुझा काका शारशेन, माझा धाकटा दीर, ह्याने आपले पहिले मोठे बांधकाम घेतले तेव्हा मी त्याच्याकडे क्रेन चालवत होते. पायाभरणीला त्याने मेंढा कापला. आमच्याकडे सगळेच कापतात, त्यात वावगे काही नाही. रक्त मातीत मुरल्यावर तो हात पुसत म्हणाला, "इमारतीने आपला वाटा घेतला. आता ती कोणाला मागणार नाही." लोकांनी "आमीन" म्हटले आणि दाढीवरून हात फिरवले. तिथपर्यंत ठीक होते. पण त्या मेंढ्याच्या भरवशावर हा माणूस पुढची दोन वर्षे बांधकाम करत राहिला. सुरक्षा पट्टे मागितले की म्हणे, "वहिनी, मेंढा कापलाय ना." जाळी मागितली की मेंढा, कठडा मागितला की मेंढा. एका मेंढ्याने त्याचा किती खर्च वाचवला, हे त्या मेंढ्याला कळले असते तर त्यानेच वाटा मागितला असता.

सगळ्यात वरचा स्लॅब झाला तेव्हा शारशेनने तिथे वरच मेजवानी ठरवली. मी आदल्या दिवशी त्याला म्हटले, "खाली अंगणात मांडा की."

"खाली? मोठे साहेब येणार, व्याही येणार. डोंगर दिसायला हवेत, वहिनी."

"डोंगर खालूनही दिसतात."

"खालून सगळ्यांनाच दिसतात."

त्या स्लॅबला एका टोकाला जिना होता आणि दुसऱ्या टोकाला नळ व हवेसाठी वरपासून तळापर्यंत सोडलेले चौकोनी भोक. भोकाभोवती लाकडी कठडा होता. तो कसा आला तर मी तीन दिवस हूक खाली सोडला नाही म्हणून आला. मेजवानीच्या सकाळी मला कामावर बोलावले ते मांसाची मोठी कढई वर चढवायला. मी केबिनमध्ये बसले आणि खाली पाहिले तर स्लॅब आरशासारखा स्वच्छ. राडारोडा, तुटक्या विटा, फळ्या, सगळे गायब. क्षणभर मला बरे वाटले. मग लक्षात आले की कठडाही गायब आहे. वॉकीटॉकीवर विचारले, "कठडा कुठे गेला?"

मुकादम म्हणाला, "मावशी, लाकडं कमी पडली. चुलीत घातला."

"आणि भोक?"

"झाकलंय. प्लायवुड टाकलंय वर. काळजी नको."

"कसलं प्लायवुड?"

"सेंट्रिंगचं होतं एक, भिजलेलं. कामातून गेलेलंच होतं."

म्हणजे कठड्याच्या लाकडावर मटण शिजत होते, आणि भोकावर असे प्लायवुड होते जे सिमेंटचेही वजन पेलत नाही म्हणून बाजूला काढलेले होते. मी शारशेनला बोलवायला सांगितले. तो यंत्रावर आला. मी म्हटले, "भाऊजी, भोकावर नुसतं भिजकं प्लायवुड आहे, त्या टोकाला कोणी बसू नका. दोरी बांधा, विटा रचा, काहीही करा."

"बघतो, वहिनी."

हा 'बघतो' मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते.

आता आपली रीत बघ. मानाची जागा म्हणजे दारापासून सगळ्यात लांबची जागा. घरात ती भिंतीशी असते, पाठीला उशा असतात, तिथे सगळ्यांत वडीलधारा बसतो. स्लॅबवर दार कुठले? जिना हेच दार. मग जिन्यापासून सगळ्यात लांब काय, तर ते भोक. कोणाच्या मनात पाप नव्हते, हे मी मान्य करते. पोरींनी गालिचे अंथरायला घेतले, सगळ्यात चांगला गालिचा मानाच्या जागी घातला, तो हाच. वरून मला सगळे दिसत होते. आधी प्लायवुडचा पिवळा चौकोन दिसत होता. मग त्यावर लाल-काळी नक्षी पसरली, आणि त्यानंतर तिथे भोक आहे हे फक्त मला, मुकादमाला आणि शारशेनला माहीत होते.

मुकाश तेव्हा निवृत्त होता. आजारपणानंतर वर्षभर त्याने त्या इमारतीत पाऊल टाकलेले नव्हते. तो थोरला भाऊ म्हणून आला होता, कोट घालून, पांढरी टोपी घालून. शारशेनने त्याचा हात धरून त्याला तिथे नेऊन बसवले. माझ्या हुकाला त्या वेळी उकळती कढई लटकलेली होती. ती माणसांच्या डोक्यावर लटकत ठेवून मला खाली उतरता येत नव्हते. मी वॉकीटॉकीवर ओरडले, पण मुकादमाने यंत्र एका सळीला अडकवले होते आणि तो पाहुण्यांचे हात धुवायला पाणी घालत फिरत होता. मी भोंगा वाजवला, वाजवतच राहिले. खालचे लोक वर बघून हसले. त्यांना वाटले, वहिनीही आनंदात आहेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मेंढ्याचे डोके मानकऱ्याला देतात. शारशेनने ताट पुढे केले आणि मुकाश ते दोन्ही हातांनी घ्यायला उठून उभा राहिला, कारण बसून घेणे त्याला उद्धटपणाचे वाटे. मग तो तिथे नव्हता. गालिच्याचा एक कोपरा तेवढा भोकाच्या कडेला अडकून राहिला. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पायाखालचे खिळे काढले, त्याच्या पायाखाली सख्ख्या भावाने ती फळी राहू दिली.

कलम ५. हे मालमत्तेचे कलम नाही. नोटरीबाईंनी इथे दोनदा घसा खाकरला, पण मी लिहिणारच.

दफनाच्या वेळी मौलवींनी रीतीप्रमाणे विचारले, "हा कसा माणूस होता?" सगळे एका आवाजात म्हणाले, "चांगला माणूस होता." आणि त्याच आठवड्यात त्यांतल्याच सात जणांनी चौकशीच्या कागदावर सह्या केल्या की मुकाश दारू पिऊन तर्र होता, झोक गेला आणि स्वतःच्या निष्काळजीपणाने पडला. मुकाशने उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. त्याच्या बापाने दारूपायी घोडे विकलेले त्याने लहानपणी पाहिले होते. हे त्या सातही जणांना माहीत होते, आणि शारशेनचा तर बाप तोच होता.

मी शारशेनकडे गेले. तो रडत होता, खोटे रडत नव्हता. म्हणाला, "वहिनी, दादा तर गेला. आता मीही तुरुंगात गेलो तर इतक्या कामगारांच्या चुली कोण पेटवणार? कागदावरचं काय धरून बसताय? लिहिणाऱ्याने लिहिलं."

मी म्हटले, "चुली पेटवायला कठडे आहेत की."

त्यानंतर त्याने सहा इमारती बांधल्या आणि प्रत्येकीच्या पायाभरणीला मेंढा कापला. ह्याला म्हणतात मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे.

पुढच्या वर्षी माझ्या मुलीने मॉस्कोहून फोन केला. तिच्या सासरी कोणी तरी तो कागद दाखवला होता. ती म्हणाली, "आई, रागावू नकोस. बाबा खरंच प्यायले होते का ग त्या दिवशी?" मी फोन ठेवला. बेर्मेत, मी तुझ्यावर रागावले नव्हते. तू दूर होतीस, तुझ्या हातात सात सह्या होत्या आणि माझ्या हातात काहीच नव्हते. आई नवऱ्याची बाजू घेणारच, असे तुझा नवरा म्हणाला असणार. त्यानंतर तू पुन्हा विचारले नाहीस, आणि तू विचारत नाहीस हेच मला इतकी वर्षे खात आहे.

कलम ६. माझ्या अंत्यविधीसाठी घोडा कापू नये. मेंढाही कापू नये. लोक नावे ठेवतील. ठेवू देत, मला ऐकू येणार नाही. आलेल्यांना चहा आणि बोरसोक, म्हणजे तेलात तळलेले कणकेचे तुकडे, द्यावेत. अंगणात युर्त, म्हणजे लोकरी बुरणुसाची राहुटी, उभारली तर तिच्या दोऱ्या पायवाटेत येणार नाहीत अशा बांधाव्यात आणि त्यांवर पांढऱ्या चिंध्या लावाव्यात. पाहुण्यांच्या जोड्यांचा दारात ढीग करू नये, दोन ओळींत लावावेत. मी मेल्याच्या दुःखात कोणाचा पाय मोडला तर ते दुःख मी घेणार नाही.

बँकेतील ठेवीतून हा खर्च भागवून उरेल त्यातून, आमच्या गल्लीच्या टोकाला शाळेचे बांधकाम चालू आहे, तिथल्या जिन्यांसाठी आणि भोकांसाठी लोखंडी कठडे घ्यावेत. लाकडी नकोत. लाकूड दिसले की ह्या लोकांना भूक लागते. पैसे ठेकेदाराच्या हातात देऊ नयेत. गुलझातने स्वतः दुकानात जावे आणि कठडे बसलेले डोळ्यांनी पाहावेत.

कलम ७. माझा दीर शारशेन याला मी काहीही देत नाही. एक पेलासुद्धा नाही.

मागच्या आठवड्यात तो आला होता. काठी टेकत आला. बरोबर कापलेला मेंढा होता, तो मी फाटकाबाहेरच ठेवायला लावला. बसला, थोडा वेळ खोकलो दोघेही. मग म्हणाला, "वहिनी, आता आपल्या दोघांचीही वेळ आली. काही चुकलं-माकलं असेल तर पोटात घाला. मी तुमच्यावर राजी आहे, तुम्ही माझ्यावर राजी व्हा." मरणाच्या आधी अशी राजीखुशी मागायची आमची रीत आहे, आणि मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत.

मी म्हटले, "काय चुकलं ते सांगा, मग घालते पोटात."

"झालं गेलं ते... नशिबात होतं."

"नशिबात काय होतं, भाऊजी? दारू की प्लायवुड?"

"तुमची जीभ अजून तशीच आहे."

"माझी नोकरी वरून बघायची होती. जे दिसलं ते बोलले. तुम्ही एक वाक्य बोला. मौलवींसमोर नको, कोर्टात नको. माझ्या पोरीसमोर बोला."

तो म्हणाला, "इतक्या वर्षांनी? मुलांना काय वाटेल? नातवंडांना काय वाटेल?" आणि मग तोच, "बघतो."

मी त्याला राजीखुशी दिली नाही. आमच्या आळीत ही गोष्ट पसरली आहे आणि बायका माझ्याकडे अशा बघतात की मीच कोणाला ढकलले.

पण त्याला काही न देण्याचे कारण हे नाही. नोटरीबाईंनी समजावून सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याला त्या मृत्युपत्राचा साक्षीदार होता येत नाही. ज्याला काहीच मिळत नाही, त्याला होता येते. शारशेनला मी काही देत नाही, कारण मला तो साक्षीदार म्हणून हवा आहे. त्याला निरोप धाडला आहे. तो आल्यावर हे सगळे पान न पान त्याला मोठ्याने वाचून दाखवावे, कलम चार आणि पाच मुद्दाम, आणि मग सहीची जागा दाखवावी. त्याने नकार दिला तरी मृत्युपत्र अडू नये म्हणून आणखी दोन साक्षीदार ठेवले आहेत. नकार दिला तर तसे त्याच्या नावापुढे लिहावे. मग बेर्मेतला तेही दिसेल.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, मी वाचला, तो मला मान्य आहे. ह्या मृत्युपत्राची अंमलबजावणी नोटरीबाई श्रीमती काल्यीचा यांनी करावी. त्यांचा घसा बरा राहो.

ठिकाण: बिश्केक. दिनांक: १४ मार्च २०१९.

सही: बुरुल सार्तबाय-कीझी

साक्षीदार

१. खावा, शेजारीण, व्यवसाय: शेवया विकणे. माझ्यासमोर सही झाली. (सही)

२. ओमुरझाक, नोटरी कार्यालयातील कारकून. माझ्यासमोर सही झाली. (सही)

३. शारशेन, मृत्युपत्र करणारीचा दीर, निवृत्त ठेकेदार. मला सर्व वाचून दाखवले. मी ऐकले. माझा भाऊ मुकाश त्या दिवशी दारू प्यायला नव्हता. तो कधीच पीत नव्हता. फळीबद्दल मला काही लिहायचे नाही. (सही)

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच ठिकाणी: साक्षीदार क्रमांक तीन यांनी सहीबरोबर जादा मजकूर लिहिला आहे. तसा लिहायचा नसतो, तो खोडावा लागेल, असे कारकुनाचे म्हणणे पडले. तो खोडू नये. मजकूर अर्धाच आहे, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी मी त्याच्यावर राजी नाही. पण माझ्या मुलीने जे विचारले होते ते ह्या अर्ध्यात आले आहे. ह्या पानाची एक प्रत आजच मॉस्कोला पाठवावी, माझ्या मरणाची वाट पाहू नये.

सही: बुरुल सार्तबाय-कीझी